उघडा बोल्ट

१

व्हर्ना कांगासच्या दंडातून गोळी आरपार गेली तेव्हा तिच्या डोक्यावर भडक केशरी टोपी होती, आणि गावाला जास्त धक्का बसला तो याच गोष्टीचा. हरणांच्या मोसमात इथे कुत्र्यालाही केशरी पट्टा बांधल्याशिवाय कोणी बाहेर सोडत नाही. केशरी दिसलं की झिंगलेला शिकारीसुद्धा नळी खाली करतो. त्या रंगावर गोळी झाडेल असा माणूस गावात एकच, असं सगळ्यांनी बसल्या जागी ठरवून टाकलं. तो माणूस म्हणजे व्हर्नाचा नवरा, विल्बर्ट. त्याला सकाळचं दुपारी आठवत नव्हतं, आणि पोलीस पोचले तेव्हा तो व्हरांड्यातल्या खुर्चीत स्वतःची रायफल मांडीवर घेऊन बसला होता.

हेल्मी हाकोलाला हे असलं झटपट ठरवणं कधीच आवडलं नव्हतं. शेरीफच्या कचेरीतून निवृत्त होऊन ती आता मासे धरत होती आणि लोकांना टोमणे मारत होती, पण डोकं काही तिनं कचेरीत जमा केलेलं नव्हतं. व्हर्नानं बोलावलं म्हणून ती इस्पितळात गेली.

"लोरीनं त्याच्यासाठी जागा बघितलीय," व्हर्ना म्हणाली. लोरी ही तिची मुलगी, मिलवॉकीला राहणारी, सुट्टीत घरी आलेली. "कुलूपवाला वॉर्ड. या शुक्रवारी न्यायचं म्हणते. माझी सही हवी."

"तुझं काय म्हणणं?"

"त्यानं गोळी झाडली असेल तर मी सही करते. रडत करीन, पण करीन. झाडली नसेल तर तो घरी येणार, माझ्याजवळ. मला एवढंच शोधून दे हेल्मी, मधलं काही नको."

"तू काही पाहिलंस?"

"काय पाहणार? सौनातल्या अंघोळीसाठी लाकडं काढत होते, पाठ व्हरांड्याकडे. दणका बसला आणि मी लाकडांवर."

हेल्मीनं विचारलं, "पण बंदूक आली कुठून? रॉयनं सगळ्या नेल्या होत्या ना?"

रॉय हा मुलगा. डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यानं बापाच्या साऱ्या बंदुका आपल्या घरी नेल्या होत्या. एकच तेवढी परत आणावी लागली, कारण ती नेली त्या रात्री विल्बर्ट घरभर ती शोधत फिरला आणि लहान मुलासारखा रडला. ती परत दिली, पण बोल्ट काढून. बोल्ट म्हणजे रायफलच्या पाठीतला पोलादी दांडा. तो मागे ओढून पुढे ढकलला की गोळी नळीत बसते, आणि तो काढून घेतला की रायफल आणि नावेचं वल्हं यांत काही फरक नाही. तेव्हापासून विल्बर्ट रोज ते वल्हं तेल लावून पुसायचा आणि सुखी असायचा.

"बोल्ट आत होता म्हणतात," व्हर्ना हळू आवाजात म्हणाली. "रॉय कोणाला तोंड दाखवत नाही."

तेवढ्यात दारातून क्लॅरन्स निएमी आत आला, हातात घरच्या वेलचीच्या पावाची पुडी. क्लॅरन्स हा विल्बर्टचा जिवाचा दोस्त. दोघांनी तरुणपणी एकाच दुकानातून एकाच दिवशी जुळ्या रायफली घेतल्या होत्या. विल्बर्टनं आपल्या दस्त्यावर नावाचं अक्षर कोरलं, नाहीतर त्या ओळखू आल्या नसत्या. गावातल्या पोरांना बंदुकीची शिस्त शिकवायचा वर्गही दोघांनी मिळून वर्षानुवर्षं चालवला. आणि काल आवाज ऐकून ओढ्यापलीकडच्या मचाणावरून म्हणे धावत आला, व्हर्नाचा दंड पट्ट्यानं आवळला आणि इस्पितळाची गाडी बोलावली, तोही क्लॅरन्सच.

"हा नसता तर मी लाकडांवरच गार झाले असते," व्हर्ना म्हणाली.

"काहीतरीच बोलू नकोस. रॉय कुठाय?" क्लॅरन्सनं विचारलं.

"गॅरेजात. बाहेरच येत नाही."

"पाव खा. इन्केरी, तूही घे."

"इन्केरी माझी आई," हेल्मी म्हणाली. "मी इतकी म्हातारी दिसायला लागले का रे?"

"तिच्यापेक्षा जास्त," क्लॅरन्स म्हणाला आणि तिघंही हसली. मग तो खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिला आणि वळून म्हणाला, "आणि रॉय? रॉय कुठाय?"

२

शेरीफ टॉड एके काळी हेल्मीच्या हाताखाली शिकला होता, आणि ही गोष्ट ती त्याला कधी विसरू देत नसे. मोसमाच्या धामधुमीत त्याचे डोळे तारवटले होते.

"हेल्मीबाई, यात शोधायचं काही नाही. बिचाऱ्यावर कोणी खटला भरत नाहीये. पोराकडून चूक झाली, बोल्ट आत राहिला. दुःखाची गोष्ट आहे, पण गूढ नाही."

"बंदूक दाखव."

टॉडनं ती टेबलावर ठेवली. दस्त्यावर कोरलेलं अक्षर होतं. बोल्ट मागे ओढलेला, तोंड उघडं.

"अशीच सापडली?"

"अशीच. उघडी आणि रिकामी. माणूस विसरला तरी हात विसरत नाहीत म्हणतात ना? झाडली आणि सवयीनं उघडून ठेवली."

"मग रिकामं काडतूस कुठाय?"

"पडलं असेल बर्फात."

"व्हरांड्यात बर्फ कुठला आला? आणि बाकीच्या गोळ्या? त्या त्याच्या खिशात सापडल्या?"

टॉड कानामागे खाजवायला लागला. "खिशात रुमाल होता. आणि अर्धं बिस्कीट."

"वास घेतलास नळीचा?"

"बाई, त्या दिवशी माझ्याकडे तीन हरवलेले शिकारी होते, एक झाडावरून पडलेला आणि एक जण दुसऱ्याच्या हरणासाठी मारामारी करत होता."

"म्हणजे नाही घेतलास." हेल्मीनं सळई मागवली, तिच्या टोकाला पांढरी चिंधी गुंडाळली आणि नळीतून ओढली. चिंधी तेलकट होऊन बाहेर आली. काजळीचा ठिपकाही नव्हता. तिनं ती टॉडच्या नाकासमोर धरली.

"या बंदुकीनं परवाच काय, वर्षभरात गोळी झाडलेली नाही."

टॉड खुर्चीतून उठलाच. "मग व्हर्नाला लागली ती गोळी?"

"दुसऱ्या बंदुकीची. तुला त्याच्यापेक्षा वाईट प्रश्न देते, घे. ही बंदूक झाडायचीच नव्हती, तर हिच्यात बोल्ट कोणी बसवला?"

३

कांगासांच्या घरी लोरीनं दार उघडलं. बाई तीन दिवस झोपली नसावी.

"आईनं तुम्हाला पाठवलं, माहितीय मला," ती म्हणाली. "पण माझं ऐका. त्या दुपारी माझं आईशी भांडण झालं, या बंदुकीवरूनच. मी म्हटलं, वल्हं असो की काठी, घरात नको. रागानं गाडी काढून शहरात गेले, आणि परत येते तर ही अशी पडलेली. आता मी कोणाचं ऐकणार नाही."

"तुझी चूक आहे असं मी म्हणतच नाहीये, पोरी."

"आणि बाबा तर आता आणखी बिघडलाय. त्या दिवसापासून सारखी कात्री मागतोय! कात्री दे, कात्री कुठाय. घरातल्या सगळ्या कात्र्या आणि सुऱ्या मी गाडीच्या डिकीत टाकल्यात. पाव हातानं तोडतोय आम्ही."

विल्बर्ट खिडकीशी बसला होता. हेल्मीला बघून त्याचा चेहरा उजळला. नाव काही त्याला आठवलं नाही, पण ही आपलीच कोणीतरी एवढं कळलं. बारा वर्षांची असताना हेल्मीनं त्याच्याच हाताखाली बंदूक धरली होती. त्याचा तेव्हाचा दरारा आठवत तिनं खुर्ची जवळ ओढली.

"गुरुजी, कात्री कशाला हवी?"

"तो चुकला," विल्बर्ट म्हणाला.

"कोण चुकला?"

"अगं, तोच. चुकला ना तो!" त्याला भारी गंमत वाटत होती. त्यानं हात पुढे करून हेल्मीच्या शर्टाचं खालचं टोक चिमटीत पकडलं आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी कचकच कापल्यासारखं केलं.

"बघितलंत?" लोरी किंचाळली. "बघितलंत, काय करतोय? आणि तुम्ही हसताय!"

हेल्मी खरंच हसत होती. लोरीला हे कळायचं कारण नव्हतं. रानातल्या शिकाऱ्यांच्या खोपटात त्या काळी मुलींना नेत नसत, आणि लोरी अठराव्या वर्षी गाव सोडून गेली ती सणावारालाच यायची. हेल्मी मात्र त्या खोपटात पाय ठेवणारी पहिली बाई होती. तिथल्या भिंतीवर शर्टांचे तुकडे ठोकलेले आहेत, प्रत्येकावर नाव आणि साल. कोणाचा नेम चुकून हरीण निसटलं की संध्याकाळी साथीदार त्याला धरतात, शर्टाची शेपटी कापतात आणि भिंतीवर लावतात. हेल्मीचीही आहे तिथे एक, निळ्या चौकड्यांची.

"लोरी, तुझा बाप कोणाला इजा करायला निघालेला नाही," ती म्हणाली. "तो साक्ष देतोय. तीन दिवस ओरडून ओरडून देतोय, आणि आपण सुऱ्या लपवतोय."

"कसली साक्ष?"

"नेम चुकला की शिकारी शर्ट कापतात, आणि स्वतःचा शर्ट कोणी स्वतः कापत नाही. कापतात दुसऱ्याचा. याच्याशेजारी त्या व्हरांड्यात एक शिकारी होता. त्यानं गोळी झाडली, आणि याच्या हिशोबानं त्याचा नेम चुकला."

लोरी बापासमोर येऊन बसली. "कोण होतं?"

विल्बर्टनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि गोड आवाजात विचारलं, "कात्री आणली का?"

४

रॉयच्या गॅरेजात स्टोव्ह विझलेला होता. तो लाकडी खोक्यावर बसला होता, बियरचे डबे पायाशी.

"मावशी, मीच केलं हे सगळं," तो म्हणाला. "मोसमाआधी बोल्टला तेल द्यायला घेऊन गेलो होतो. बाबा म्हणाले, बघू. मी दिला. त्यांनी तो आत घातला, दोनदा मागेपुढे केला. मावशी, त्यांचे हात बघायला हवे होते तुम्ही! काय सुरेख चालत होते! मला वाटलं होतं मी काढून घेतला. नसणारच घेतला."

"मग बघितलंस का तो जागेवर आहे की नाही?"

"काय बघायचं त्यात? बंदुकीत सापडला ना तो?"

"ठेवायचास कुठे?"

रॉयनं वरच्या फळीकडे बोट दाखवलं. रंगाच्या डब्यांमागे कॉफीचा जुना पत्र्याचा डबा होता.

"काढ."

"मावशी, कशाला जखमेवर..."

"रॉय कांगास, ऊठ आणि तो डबा काढ. चांगला ताडमाड झालायस, डबा उघडायला घाबरतोस?"

रॉय उठला. डबा खाली घेताना आत काहीतरी जड वाजलं, तसा त्याचा हात थांबला. झाकण निघालं. आत लाल फ्लॅनेलचं फडकं होतं. रॉयनं ते उलगडलं आणि तेलानं चकाकणारा पोलादी बोल्ट त्याच्या तळव्यावर आला.

तो त्या बोल्टावर कपाळ टेकवून हमसाहमशी रडायला लागला. हेल्मीनं त्याला रडू दिलं. या पोरानं तीन दिवस आपल्या आईवर गोळी झाडल्याचं ओझं वाहिलं होतं, आणि ते त्याचं नव्हतंच.

डोळे पुसून त्यानं मान वर केली. "पण मग टॉडकडे जो आहे, तो कुठला बोल्ट?"

"दुसरा. वाटेल तो बोल्ट वाटेल त्या रायफलीत बसत नाही. तशाच घडणीचा लागतो, तशीच जुळी रायफल लागते."

"तशी तर गावात एकच..." रॉय म्हणाला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

५

क्लॅरन्सच्या अंगणात त्याची गाडी चालू होती. दार सताड उघडं, आत कोणी नाही. हेल्मीनं किल्ली फिरवून ती बंद केली आणि घरात गेली. स्वयंपाकघरात करपल्याचा वास भरला होता. कॉफीचं भांडं आटून काळं पडलं होतं आणि क्लॅरन्स शेजारीच दुसऱ्या भांड्यात कॉफी टाकत होता.

"ये, ये. व्हर्ना घरी आली का?"

"उद्या येईल."

"बरं झालं. पाव आहे, घे." त्यानं कपाट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. "व्हर्ना आली का गं घरी?"

इस्पितळातलं दोनदा विचारणं हेल्मीनं काळजीपोटी समजून सोडून दिलं होतं. आईच्या नावानं मारलेली हाक तर हसण्यावारी नेली होती. आता तिला स्वतःचाच राग आला. सगळा गाव एका म्हाताऱ्यावर नजर ठेवून होता, कारण त्याच्या आजाराला डॉक्टरनं नाव दिलं होतं. दुसऱ्याकडे कोणी बघितलंच नाही, आणि त्याच्या कुलूपबंद कपाटात सहा बंदुका होत्या.

"क्लॅरन्स, तुझी रायफल दाखव."

"कुठली?"

"जुळी."

त्यानं कुलूपबंद कपाटाकडे बघितलं. मग म्हणाला, "तिचा बोल्ट कुठे ठेवलाय ते आठवत नाही."

"टॉडच्या टेबलावर आहे. तुझं जाकीट दे."

खुंटीवरचं जाकीट त्यानंच काढलं, खिशात हात घातला आणि मूठ तिच्यासमोर उघडली. तीन भरलेली काडतुसं आणि एक रिकामं.

"उचलून खिशात टाकलं," तो म्हणाला. "सवय."

"बस, आणि सांग. घाई नाही."

"मोसमात मी जायचोच विल्बर्टकडे. तो त्याचं वल्हं घेऊन बसायचा, मी माझी घेऊन. त्या दिवशी घरात न शिरता सरळ व्हरांड्यात बसलो. मचाणावर मी यंदा चढलोच नाही हेल्मी. परतीची वाट सापडेना मागच्या खेपेला. कोणाला बोललो नाही. बोललो असतो तर रॉय माझ्याही नेणार होता ना सगळ्या!" त्यानं तोंडावरून हात फिरवला. "लाकडांपाशी काहीतरी हललं. मी बंदूक उचलली."

"तिची टोपी केशरी होती."

"दिसली! मला केशरी दिसलं. लख्ख दिसलं." त्याचा आवाज फाटला. "पण केशरी कशासाठी असतं ते आठवेना. तेवढ्यापुरतं आठवेना. दिवसभराचं सगळं विसरतो मी, चूल विसरतो, गाडी विसरतो. म्हटलं हे तरी जाईल. हेच जात नाही."

या माणसानं सगळ्या गावाला शिकवलं होतं की आधी निशाणा ओळखा, मग बोट लावा.

"तिला बांधलंस, गाडी बोलावलीस. ती जगली ती तुझ्यामुळे, हे खरंच आहे. पण परत व्हरांड्यात येऊन स्वतःचा बोल्ट त्याच्या बंदुकीत घातलास, तेही तूच."

"त्याला कोण काय करणार होतं? त्याचं सगळं गेलंच आहे. माझं अजून जायचंय. त्याचं आणखी काय जाणार होतं?"

"घर जाणार होतं. व्हर्ना जाणार होती. शुक्रवारी त्याला कुलपात टाकायला नेतायत."

क्लॅरन्सनं मान खाली घातली. हे त्याच्या ध्यानातच आलं नसावं, किंवा आलं असेल आणि निसटलं असेल.

"पकडला गेलास कशानं, सांगू?" हेल्मी म्हणाली. "रिकामं काडतूस बंदुकीत सोडायचं होतंस, बोल्ट बंद करायचा होतास, उरलेल्या तीन गोळ्या त्याच्या खिशात टाकायच्या होत्यास. कोणी फिरून बघितलं नसतं. पण तुझ्याच्यानं झालं नाही. बोल्ट उघडा ठेवलास, गोळ्या स्वतःच्या खिशात टाकल्यास, मग त्याची बंदूक त्याच्या मांडीवर ठेवलीस. त्याचं नाव खराब करायला निघालास, तरी भरलेली बंदूक त्याच्या हातात देणं तुला जमलं नाही."

"कशी देणार?" क्लॅरन्स चकित होऊन म्हणाला. "त्याला बरं नाहीये."

मग तो उठला, कपाटाची किल्ली शोधायला लागला आणि ती गळ्यातच सापडली. एकेक बंदूक त्यानं बाहेर काढली. प्रत्येक उघडून, आत करंगळी घालून गोळी नाही हे बघून, मगच ती हेल्मीच्या हातात दिली.

"टॉडकडे आज जायचं का?" त्यानं विचारलं.

"आत्ताच. विसरायच्या आत."

६

टॉडनं जबानी घेतली आणि पुढचं सरकारी वकिलावर सोडलं. क्लॅरन्सचा पुतण्या त्याच्या घरी राहायला आला आणि गाडीची किल्ली त्याच्याकडे गेली. लोरीनं वॉर्डाचा कागद स्वतःच्या हातानं फाडला, डिकीतल्या सुऱ्या परत फडताळात लावल्या आणि भावाला पहिल्यांदाच मिठी मारली. बंदुकीबद्दलचं तिचं मत काही बदललं नाही, आणि हेल्मीला वाटलं की बदलूही नये. क्लॅरन्सच्या बंदुका रॉयच्या तिजोरीत गेल्या. टॉडकडचा बोल्ट खटला मिटला की त्याच कॉफीच्या डब्यात, विल्बर्टच्या बोल्टाशेजारी, जायचा होता.

व्हर्ना घरी आली तेव्हा विल्बर्ट व्हरांड्यात होता. त्यानं तिच्या गळ्यातली झोळी बघितली आणि कोणी मारलं म्हणून विचारलं. तिनं सांगितलं, पडले. तो तिच्या हातावरून हात फिरवत बसला, आणि व्हर्ना रडली नाही, चांगली खुशीत होती.

रविवारी पुतण्या क्लॅरन्सला घेऊन आला. क्लॅरन्स पायरीवरच थांबला, टोपी हातात घेऊन. हेल्मी आणि रॉय बाजूला सरकले. हे व्हर्नाचं घर होतं, ठरवायचं तिनं.

"व्हर्ना," क्लॅरन्स म्हणाला, "मला क्षमा मागायचीय, आणि कशाबद्दल तेही आठवतंय."

विल्बर्टनं त्याचा आवाज ओळखला. खुर्चीतून अर्धा उठून तो आनंदानं ओरडला, "हाच तो! चुकला! कात्री आणा!"

व्हर्ना आत गेली. फडताळ उघडल्याचा आवाज आला, आणि ती चांगल्या हातात शिवणाची मोठी कात्री घेऊन बाहेर आली. ती तिनं नवऱ्याला दिली. क्लॅरन्सनं पायरी चढून शर्ट विजारीतून स्वतःच बाहेर काढला आणि पाठमोरा उभा राहिला. विल्बर्टच्या हातांना जराही कंप नव्हता. कचकच करत त्यानं शर्टाची शेपटी सरळ रेषेत कापली आणि विजयानं वर धरली.

"आई, तुला हे चालतं?" लोरीनं दबक्या आवाजात विचारलं.

"का नाही चालणार?" व्हर्नानं तुकडा घेतला आणि ठोकायला खिळा शोधू लागली. "तो चुकला म्हणून तर मी इथे उभी आहे."